भीतीवरचा उतारा

“रंग्या, उतर खाली! तुझ्या पायाचं कापरं मला इथनं दिसतंय,” दस्तगीर खालून ओरडला.

मी पोलावर पाच हात वर होतो. फक्त पाच हात. लाइन बंद होती, तारांवर साखळी टाकलेली होती, चुकून तार धरली असती तरी मुंगी चावली नसती. पण माझा हात वर जाईना आणि पाय खाली येईना. पोलाला मिठी मारून बसलो. शेवटी दस्तगीरच वर आला, माझा एकेक पाय धरून त्यानं खालच्या पायरीवर ठेवला आणि लेकराला माळ्यावरून उतरवावं तसं मला जमिनीवर आणलं. खाली आल्यावर मी बाभळीच्या बुडाशी जाऊन ओकलो.

“कुणाला सांगू नको,” मी म्हणालो.

“मी सांगत न्हाई. पर तू असा किती दिस चालशील?”

मी रंगनाथ कोळेकर. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली. ही गोष्ट घडली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, आणि माणदेशातल्या खडकेवाडीच्या सबस्टेशनला लाइनमन म्हणून नोकरीला. दस्तगीर मुलाणी माझा जोडीदार. अकरा वर्षं आम्ही एका पोलावर चढलो, एका फडक्यातली भाकरी खाल्ली. त्या पोलावरच्या फजितीच्या सहा महिने आधी मला शॉक बसला होता. कुणीतरी दुसऱ्या लाइनवरून चोरून आकडा टाकलेला, त्यातून उलटा करंट आला आणि मी तारेला चिकटलो. दस्तगीरनं वाळका वासा घालून मला पाडलं, म्हणून जगलो. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी कायमची आखडली.

बोटांचं दुःख नव्हतं हो. डोक्यात भुंगा शिरला होता, त्याचं काय? पोल दिसला की तोंडाला कोरड पडायची. घरात बायकोनं दिव्याचं बटण दाबलं तरी मी दचकायचो. सबस्टेशनातून निघताना लाइन बंद आहे का ते मी तीन-तीनदा बघून यायचो. अर्ध्या वाटेवरून मोटरसायकल फिरवून परत यायचो. सगळे हसायचे. लाइनवरचा माणूस चढेना झाला की त्याला अनफिट करून घरी बसवत. माझ्या दोन पोरी शाळेत, रानात कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं. नोकरी गेली असती तर आम्ही कुठं जाणार होतो?

तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्या खाऊन मी दुपारपर्यंत मढ्यासारखा पडायचो.

आमच्या भजनात ईश्वरानाना मृदंग वाजवायचे. एकदा एकादशीच्या दुपारी देवळामागं त्यांनी मला बाजूला घेतलं. “तुझं ताल सुटत्यात रंगा. हातात टाळ हाय आन् ध्यान भलतीकडंच. काय झालंय?”

मी सगळं सांगितलं. नानांनी चिलीम काढली. “ह्ये घे. शंकराचा परसाद हाय, भितोस कशापाय? दोनच झुरकं. डोक्यातला भुंगा बसंल.”

खोटं कशाला बोलू, गुण आला. पहिल्यांदा खोकून जीव गेला, पण घटकाभरानं सहा महिन्यांत पहिल्यांदा माझे खांदे खाली आले. देवळाच्या कट्ट्यावर बसून मी समोरच्या विजेच्या पोलाकडं बघत होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. लाकडाचं नाहीतर लोखंडाचं काहीतरी उभं आहे, बस. दुसऱ्या दिवशी दोन झुरके मारून मी कामावर गेलो आणि सरसर चढलो. वरून दस्तगीरला हाळी दिली, तर तो आ वासून बघत राहिला.

जेवण जायला लागलं, झोप लागायला लागली. बायको म्हणाली, “तुमी परत माणसात आलासा बगा.” तिला वास कळत होता, पण ती कधी बोलली नाही.

बोलला तो दस्तगीर.

“ओढून आलायस न्हवं?”

“दोन झुरकं. डोळं बग, लाल हायत का?”

“डोळ्याचं न्हाई म्हनत मी. परवा तू साखळी टाकायची इसरलास.”

“तू टाकलीस की.”

“मी हुतो म्हनून टाकली. रंग्या, आदी तू लई भ्यायचास, आता अजाबात भीत न्हाईस. मला तू आदीचा बरा वाटायचास.”

“तुला काय जातंय बोलायला? तू कुटं चिकटला हुतास तारंला!” मी तोडून बोललो.

त्यानं खांद्यावर हात टाकला. “बरं बाबा, नगं भांडू. पर ह्या श्रावणापतोर सोड. न्हाईतर मीच सायबाला सांगून तुला मीटर रीडिंगवर घ्याया लावतो. पोल नगं आन् चिलीम बी नगं.”

तो सांगायचा बेत करतोय, एवढंच त्यातलं माझ्या डोक्यात शिरलं. मीटर रीडिंगला जागा नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मला त्याचा राग आला. चार दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही.

आता आमच्या सबस्टेशनचा एक रिवाज सांगायला पाहिजे. तेव्हा मोबाइल नव्हते. लाइनमन एकदा शिवारात गेला की त्याचा निरोप यायला सायकलच पाहिजे. लाइनवर काम करायचं तर कागदावर परमिट घ्यायचं असा नियम, पण तो कागद आम्ही सगळ्यांचा एकदम संध्याकाळी चहा पिताना लिहायचो. खरं परमिट म्हणजे टोपी. ऑपरेटरनं लाइन बंद केली की लाइनमननं आपल्या डोक्यावरची टोपी पॅनेलच्या हँडलला अडकवायची आणि बोडक्यानं कामाला जायचं. काम झाल्यावर यायचं आणि टोपी काढून घालायची. हँडलवर टोपी असेपर्यंत ब्रह्मदेव आला तरी लाइन लावायची नाही. हा रिवाज आमचे ऑपरेटर मुरलीआप्पा इंगवले यांनी घातलेला. चोवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एका कावळ्यालाही इजा झाली नव्हती.

शॉक बसल्यानंतर मी निघायच्या आधी आणि परत आल्यावरही टोप्या मोजायचो. बोट लावून. एक, दोन. आप्पा चेष्टा करायचे, “मेंढरं मोजतोस व्हय रं? दोनाची तीन व्हायची न्हाईत.” चिलीम सुरू झाल्यापासून ते मोजणंही बंद झालं होतं. आप्पांनाच बरं वाटलं. म्हणाले, “आता कसा शाना झालास.”

त्या दिवशीची गोष्ट. दोन दिवस आधी वळवाच्या वाऱ्यानं लाइन दोन ठिकाणी तोडली होती. एकाच फीडरवर, म्हणजे एकाच हँडलवर चालणाऱ्या लाइनवर, माळवस्तीला तार तुटलेली, आणि पिराच्या टेकडीवर जंपर, पोलावरच्या दोन तारा जोडणारा तुकडा, जळालेला. एरवी आम्ही दोघं मिळून आधी एक, मग दुसरं काम केलं असतं. पण दोन दिवस वीज नव्हती, विहिरीवरच्या मोटरी बंद, माणसं सबस्टेशनच्या फाटकात येऊन शिव्या देत होती. साहेब म्हणाले, दोघं दोन्हीकडं जा, दस्तगीरबरोबर हाताखालचा तानाजी सायकलवरून जाईल.

आप्पांनी लाइन बंद केली. दस्तगीरनं टोपी अडकवली, तिच्यावर मी माझी अडकवली. दोघांच्याही पांढऱ्या, एकाच शिंप्याकडच्या.

बाहेर मोटरसायकलला साखळी बांधायची वेळ आली. साखळीचं एक टोक तारांवर टाकायचं, दुसरं जमिनीत गाडायचं. चुकून करंट आलाच तर तो माणसात न जाता जमिनीत जातो. आमच्याकडं दोन होत्या. एक तुटून वर्ष झालं होतं, कागद वरती पाठवून झाले होते.

“तू ने,” दस्तगीर म्हणाला.

“तुज्या जंपरला लागंल की.”

“तुजं काळीज लहान हाय, तू ने. माजं धा मिंटाचं काम हाय.” आणि हसला. चार दिवसांच्या अबोल्यानंतर त्याला मी तोंड उघडायला हवं होतं, म्हणून तो चेष्टा करत होता. मी हसलो नाही. साखळी घेतली आणि किक मारली.

माळवस्तीच्या लिंबाखाली मी दोन झुरके मारले. ऊन मरणाचं होतं, म्हणून आणखी दोन. तार जोडली, ताणली, बांधली. हात लोण्यासारखा चालत होता. एकच्या सुमाराला मी सबस्टेशनात परत आलो.

आप्पा फाटकातल्या माणसांना समजावत बाहेर उभे होते. मी आत गेलो, टोपी घेतली, डोक्यावर घातली, माठातलं पाणी प्यालो आणि बाकावर बसून भाकरी सोडली. आप्पा घाम पुसत आत आले.

“झालं का रं?”

“झालं.”

त्यांनी पॅनेलकडं बघितलं आणि हँडल फिरवलं. खटकन् आवाज झाला आणि लगेच धाडकन् ब्रेकर पडला. लाइनला कुठंतरी काही लागलं की तो आपोआप पडतो.

“आयला, काय लागलं आसंल?” आप्पा म्हणाले.

“फांदी आसंल वाऱ्याची. जळून पडंल. परत लावा की,” मी भाकरी चावत म्हणालो. असं एकदा परत लावून बघायची आमच्यात पद्धतच होती.

आप्पांनी परत लावलं. परत पडलं.

अर्ध्या तासानं दस्तगीरबरोबरचा तानाजी सायकलवरून आला. सायकल टाकून तो फाटकातच बसला. नुसता टेकडीकडं हात करत होता.

आप्पांना पायरीवरच सोडून आम्ही गेलो तेव्हा दस्तगीर पोलाखाली पडला होता. शेजारचा जंपरही सुटलेला निघाला म्हणून उशीर झाला; तोही जोडून झाला होता, पक्कड कमरेला लावून तो उतरायलाच वळला होता, असं तानाजीनं सांगितलं. पहिल्या झटक्याला तो वरच अडकला. हात हलत होता. तानाजी वासा शोधायला धावला. दुसऱ्या झटक्याला तो खाली आला.

त्याची बायको रेहाना शेतातून अनवाणी पळत आली. त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या कपाळावरची माती पदरानं पुसत राहिली.

तीनच्या आत साहेब सबस्टेशनात आले, मागोमाग पोलीस. आप्पा बाहेर पायरीवर डोकं धरून बसले होते.

“टोपी नव्हती सायेब,” ते सारखं म्हणत होते. “हँडल मोकळं हुतं. रंगा झालं म्हनला, मी बगितलं, हँडल मोकळं हुतं.”

साहेब आत गेले. आम्ही सगळे मागं. हँडलवर पांढरी टोपी लटकत होती.

साहेबांनी ती काढून उलटी केली. आत लाल दोऱ्यानं ‘द’ काढलेला होता. रेहानाच्या हातचा.

“ही काय आहे मग?” साहेब म्हणाले.

आप्पांचं तोंड मी कधी विसरणार नाही. ते टोपीकडं बघत राहिले. मग पॅनेलकडं, मग स्वतःच्या हातांकडं. “नव्हती,” म्हणाले. “देवाशप्पत नव्हती...”

“कोळेकर, तुम्ही इथंच होतात. टोपी होती का नव्हती?”

फाटकातली माणसं खिडकीला तोंड लावून उभी होती. सगळे माझ्याकडं बघत होते. आप्पाही बघत होते, पाण्यात बुडणाऱ्यानं काठावरच्याकडं बघावं तसे.

“मी माझी टोपी घेतली सायेब,” मी म्हणालो. “त्याची हुती तितंच. माझं झालं, एवढंच मी म्हनलो.”

झालं. आप्पांना त्या दिवशीच सस्पेंड केलं. पोलीस घेऊन गेले, महिन्यानं जामिनावर सुटले. टोपी लटकत असताना लाइन लावणारा ऑपरेटर, म्हणून गावानं त्यांचं नाव टाकलं. माझ्या तोंडाचा वास कुणी घेतला नाही. कशाला घेतील? साखळी टाकून, काम नीट करून, टोपी घेऊन आलेला मी शहाणा लाइनमन होतो.

आता खरं सांगतो. आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

अकरा वर्षं आम्ही दोघं एकाच पोलावर काम करायचो. परत आल्यावर जो आधी आत जाईल तो दोन्ही टोप्या उचलायचा, एक डोक्यावर घालायचा आणि दुसरी बाहेर दुसऱ्याला द्यायचा. हाताला तीच सवय. त्या दिवशी मी आत गेलो आणि दोन्ही उचलल्या. एक घातली, दुसरी पिशवीत टाकली. दस्तगीर माझ्याबरोबर नाही, टेकडीवर आहे, हे मला ठाऊक होतं. ठाऊक होतं, पण त्याची कुठं टोचणीच लागली नाही. आधीचा रंगा असता तर त्यानं टोपीला हात लावायच्या आधी बोट लावून मोजलं असतं. माझं डोकं गार होतं. मी भाकरी खात होतो.

टेकडीवर त्याच्या तोंडावर टाकायला फडकं काढावं म्हणून मी पिशवीत हात घातला आणि हाताला टोपी लागली. सगळी नशा एका क्षणात उतरली. मोटरसायकल मारत मी सगळ्यांच्या आधी सबस्टेशनात आलो. आप्पा पायरीवर मान खाली घालून रडत होते, त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या अंगावरून आत गेलो, टोपी हँडलला लावली आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. फार विचार केला असंही नाही. पोरी दिसल्या डोळ्यांपुढं, तुरुंग दिसला, आणि हातानं काम केलं.

चिलमीला त्या दिवसानंतर मी तोंड लावलं नाही. भीती आली परत, दुपटीनं आली. पोलावर पाय लटपटायचे, मी ओकायचो आणि चढायचो. चढता येत होतं की! भीतीसकट चढता येत होतं, रिटायर होईपर्यंत चढलो. हे आधी कळलं असतं तर दस्तगीर आज दाढी पांढरी करून नातवंडं खेळवत बसला असता.

आठेक महिन्यांनी आप्पांच्या घरून निरोप आला. जाऊ नये असंच वाटत होतं, पण न जाऊन करतो काय? भर दुपारी गेलो. शेवंतावहिनींनी दार उघडलं. आप्पा कॉटवर बसले होते. हाडं वर आलेली, दाढी वाढलेली. एक हात हवेत धरून ते काहीतरी फिरवत होते. मला बघून थांबले.

“बस रंगा. एक इचारू? खरं सांग, तुला माझ्या गळ्याची आन हाय.”

“इचारा आप्पा.”

“हुती का रं टोपी?”

वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

“हुती आप्पा,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. हळूहळू, पटल्यासारखी. “आसंल. सगळी म्हनत्यात म्हंजी आसंल. माजंच डोळं फुटलं हुतं. आदी मला हँडल मोकळंच दिसायचं. आता टोपी दिसती. दिसती, आन् तरी माझा हात थांबत न्हाई बग. डोळं मिटलं की खटका ऐकू येतो. आठ म्हैनं झालं, नीट झोप न्हाई.”

“डागदरकडं नेलं हुतं,” वहिनी म्हणाल्या. “गोळ्यांनी काय हुईना.”

आप्पांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा थंडगार होता. “दस्तगीर एकदा बोलला हुता. शॉक बसल्यावर तुला बी असंच झालं हुतं, मग तू कायतरी ओढाया लागलास आन् बरा झालास. मला दे की रं थोडं. डोक्यातलं ह्ये थांबव.”

‘देत नाही’ म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. आणि ते कारण एकच होतं.

मी ईश्वरानानांकडं गेलो आणि घेऊन आलो. आप्पांना चिलीम धरता येत नव्हती. मी त्यांच्या बोटांची मूठ करून दाखवली, ओलं फडकं गुंडाळून दिलं, काडी ओढली. पहिल्यांदा ते खोकले, डोळ्यांत पाणी आलं. मग दुसरा झुरका घेतला, तिसरा. थोड्या वेळानं त्यांचे खांदे खाली आले. हवेत फिरणारा हात मांडीवर पडला आणि तिथंच राहिला. बसल्या जागी ते कलंडले आणि घोरायला लागले.

वहिनी कॉटपाशी गेल्या. आप्पांच्या अंगावर वाकळ घातली. मग माझ्याकडं वळल्या आणि दोन्ही हात जोडून खाली वाकल्या. मी मागं सरलो, पण त्यांनी माझ्या पायाला हात लावलाच.

“आख्ख्या गावानं आमाला वाळीत टाकलं भावजी,” त्या म्हणाल्या. “तुमी तेवढं माणुसकीनं आलासा. आठवड्याला येत जावा.”

आप्पा त्यानंतर सात वर्षं जगले. मी दर आठवड्याला गेलो.